शेवटच्या रिळातलं बोलणं

वाकोला, सांताक्रूझ (पूर्व)
१६ जानेवारी १९८५

आक्का,

नमस्कार आधीच करून ठेवतो, नाहीतर पुढे विसरतो. पत्ता बदललाय, वर बघितलास ना? मागचा खोडून टाक. जयवंताच्या खोलीत सहा जण होते, मी सातवा, म्हणून निघालो. आता वाकोल्याला एका पेंटरकडे आहे. दुकानांच्या पाट्या रंगवतो. अक्षर बघून विचारलं, किती शिकलास? म्हटलं आठवी नापास. म्हणाला, अक्षर तर बीए पास आहे. मग मी चहा मागवला, तर म्हणतो चहाचे तूच दे.

हे सांगायचं नव्हतं. सांगायचं ते वेगळंच. भांडुपच्या डोंगरावर एका पत्र्याच्या शेडला 'प्राथमिक शाळा' अशी पाटी हवी होती. शेडमध्ये शाळाबिळा काही नाही, तिथे सिनेमा काढतायत. लहान मुलांचा. मी झकास पाटी करून नेली, तर नंदकिशोर म्हणून त्यांचे मुख्य आहेत, दाढीवाले, पार्ल्याचे, सिनेमा तेच काढतात, ते म्हणाले, फार नवी दिसते, जुनी करा. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काम खडबडीत कागदानं घासून, वर मातीचं पाणी मारून बिघडवलं. त्यावर ते इतके खूश झाले की म्हणाले, आमच्याकडेच राहा. तर राहिलोय. पेंटरला अजून सांगितलेलं नाही.

सिनेमात एक कोकणातली पोर आहे. गोदी नावाची. ती मुंबईत नातेवाइकांकडे राहायला येते, शाळेत मुलं तिच्या बोलण्याला हसतात, आणि ती बोलायचंच सोडते. तिच्यासाठी त्यांनी पार्ल्या-दादरच्या पन्नासेक मुली बघितल्या. सगळ्या पाठांतर म्हटल्यासारख्या बोलतात. आता, तुझ्या नणंदेचं घर त्या शेडपासून पाच मिनिटांवर. मी सुगंधाताईकडे चहाला गेलो, बरोबर नंदकिशोर, त्यांना नुसतं पाणी हवं होतं. दारात तुझी माणकू. मला बघून अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मामा इलो गे आते! खय मेल्लंस रे इतके दिवस?"

नंदकिशोर पाणी प्यायचे विसरले.

तर त्यांना माणकू हवी आहे. एक महिन्याचं काम, शाळा बुडवायची नाही. मी म्हटलं हो. पण सुगंधाताई म्हणते, आईला विचारल्याशिवाय मी तिचे केस कापत नाही, सिनेमा कसला? म्हणून हे पत्र. लवकर कळव. पत्ता वाकोल्याचाच घाल, मी कुठे असलो तरी येऊन नेईन.

लवू


झरेवाडी, ता. कणकवली
२९ जानेवारी १९८५

लवू,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला वाचून दाखवू काय, मी म्हटलं, माका येता वाचूक, चौथी झालंय मी.

सिनेमाला माझी ना नाही. वन्स सोबत असू दे. उन्हात उभी करू नका.

आता तुला एक सांगते, ते कुणाला बोलू नको. तुझे भावोजी गेल्याला माघात दोन वर्षं झाली. तेव्हा वन्स आल्या आणि म्हणाल्या, पोरगी माझ्याकडे द्या, शिकवते. मी दिली. गिरणी गेली, माणूस गेला, मी एकटी काय करणार होते? पण दिवाळीत त्यांचं पत्र आलंय. त्यांना मूल नाही ते तुला ठाऊक आहे. म्हणतात, पुढल्या वर्षी जूनमध्ये पाचवीला हायस्कुलात घालायची, तेव्हा दत्तकाचा कागद करू. मग शाळेत आणि रेशनकार्डावर दशरथाचं नाव जाऊन कुंडलिकभावोजींचं लागेल. मी हो म्हटलेलं नाही आणि ना पण म्हटलेलं नाही. वन्स वाईट नाहीत. त्यांच्याकडे दोन वेळचं दूध आहे, वीज आहे, माझ्याकडे काय आहे?

सासूबाय अंथरुणाला खिळलेली, म्हणून मला येता येत नाही. दोन वर्षांत मी पोरीचा आवाज ऐकला नाही. तिची पत्रं येतात, "मी मजेत आहे, तू मजेत आहेस ना." कुणी बाजूला बसून सांगितल्यासारखी. तू जातोस येतोस. तुझ्याकडे एवढंच मागते. ती तिथे रुजली की नुसती राहते, ते बघ आणि खरं लिही. ती रुजली असेल तर मी कागद करीन. नसेल तर घेऊन येईन, मग लोक काय बोलायचं ते बोलोत.

पाट्या रंगवतोस ते बरं. आंघोळ रोज करत जा.

शेवंती


बोरिवली (पूर्व)
३ मार्च १९८५

आक्का,

बोरिवलीला आलोय. वाकोल्याच्या पेंटरला कळलं, मग काय, वाट लागली. इथे युनिटचं सामान ठेवायची खोली आहे, त्यात झोपतो. उशाला एक प्लास्टरची म्हैस आहे, अर्धीच. दुसरी अर्धी कुठल्या सिनेमात गेली कोण जाणे. मी तिच्याशी बोलतो कधीकधी. हसू नको. दिवसभर शंभर माणसं असतात आणि संध्याकाळी शटर ओढलं की एकदम कोणीच नाही, मग म्हैस तर म्हैस.

माणकूचं सांगतो. पहिल्या दिवशी ती घाबरली. कॅमेरा शिवणाच्या मशीनसारखा खडखडतो, तिला वाटलं आपलं काही चुकलं म्हणून तो ओरडतो. दुसऱ्या दिवसापासून तिनं सगळ्यांना कामाला लावलं. लाइटवाल्यांना 'ओ दादानू' म्हणते. मेकअपवाल्या बाईंना म्हणाली, "माका आनी किती घासतलास? मी काय टोप आसंय?" आता अख्खं युनिट एकमेकांना 'खय गेल्लंस' विचारतं. यूपीचा ड्रायव्हरसुद्धा! नंदकिशोर म्हणतात, हीच भाषा हवी, हाच सिनेमा आहे.

शेवटचा प्रसंग काल घेतला. डोंगरापलीकडे तलावाचे मोठे पाणपाइप आहेत ना, पोरं ज्याच्यावरून चालतात, तिथे. सिनेमात गोदी महिनोन्‌महिने गप्प असते. बाई समजतात, ही मंद आहे. शेवटी पाइपावर उभी राहून ती सगळ्या वर्गाला सुनावते, "माका सगळा येता. पण तुमी कोणी इचारलासच नाय." बस, एवढंच. माणकूनं ते म्हटलं आणि कॅमेरा थांबला. नंदकिशोरांनी चष्मा पुसला. मी दुसरीकडे बघत होतो.

तू विचारलंस, रुजली की राहते. आक्का, मला हे कसं कळायचं? मी कुठे रुजलोय कधी? पण सेटवर तिला बघशील तर म्हणशील इथलीच. घरी सुगंधाताई तिला समोर बसवून भरवते. तिच्यासाठी निळ्या फुलांचा फ्रॉक शिवलाय. ते पण खरंच आहे.

तू असं कर. सिनेमा पुरा झाला की ते तो गावोगाव शाळांतून दाखवणार आहेत, कणकवलीलाही येणार. तेव्हा तूच ऐक तिला. पोटभर ऐक. मग ठरव.

लवू


झरेवाडी
२० मार्च १९८५

लवू,

टोपाचं वाचून हसले. सासूबायला वाचून दाखवलं, तीपण हसली, मग रडली, तिचं तसंच चाललंय.

ठीक आहे. सिनेमा येईपर्यंत मी वन्सना काही कळवत नाही. माझ्या कानांनी ऐकीन आणि ठरवीन. पोर एक शब्द बोलली की आईला कळतं ती जेवलीय की उपाशी आहे. तेवढ्यावर मी कागद करीन नाहीतर करणार नाही.

चवथीला ये. तीन वर्षं म्हणतोस येतो.

शेवंती


घाटकोपर (पश्चिम)
२५ सप्टेंबर १९८५

आक्का,

चवथीला आलो नाही, रागावली असशील. निघणार होतो, मग इथल्या एका मंडळानं देखावा रंगवायला घेतलं. समुद्रमंथन. राक्षसांच्या बाजूला चेहरे कमी पडले म्हणून मी मंडळाच्या कार्यकर्त्यांचेच काढले. अध्यक्ष सोडून सगळे ओळखले गेले, अध्यक्ष रुसले. मग त्यांनाही काढलं, सगळ्यांत पुढे, नागाच्या तोंडाशी. असं करता करता दिवस गेले.

सिनेमाचं काम आता माझ्याकडे नाही. ऑगस्टमध्ये अंधेरीला राहिलेलं काम झालं, आवाजाचं वगैरे. मग मी सोडलं. मला एका जागी कंटाळा येतो, तुला माहीतच आहे. घाटकोपरला ट्रकांच्या मागे चित्रं काढणारा एक मनुष्य आहे, त्याच्याकडे आहे. मोर, कमळ, वाघ. वाघ मला जमत नाही, मांजर होते.

माणकू बरी आहे. जरा शांत झाली. सुगंधाताई म्हणते शहाणी झाली. मी अलीकडे गेलो नाही भांडुपला, जमलं नाही.

डिसेंबरात तुमच्याकडे सिनेमा येईल असं ऐकतो. गर्दी असेल, सासूबायना सोडून जाणं कठीण, तर नाही गेलीस तरी चालेल.

लवू


झरेवाडी
१५ डिसेंबर १९८५

लवू,

सिनेमा पाहिला. सासूबायला शेजारच्या रत्नप्रभेजवळ बसवून गेले. हायस्कुलाच्या हॉलात दुपारी दाखवला, खिडक्यांना कांबळी लावून काळोख केला होता. पोरांच्या मधे मी एकटी मोठी बाई. मास्तरांनी पुढची खुर्ची दिली, म्हणाले ही त्या मुलीची आई.

माणकू पडद्यावर आली तेव्हा मी तिचे पायच बघत बसले. उंच झाली रे. टाचेवरचा डाग तसाच आहे. मग ती बोलली.

काय सांगू तुला? तोंड माझ्या पोरीचं आणि बोलणं कुणा मोठ्या घरच्या मुलीचं. किती स्वच्छ. 'मला नको गं', 'मी नाही जा'. असं ती कधी शिकली? मला वाटलं, पहिल्यांदा लाजत असेल, पुढे आपलं बोलेल. पूर्ण सिनेमाभर वाट बघितली. सगळ्यात शेवटच्या रिळात ती पाइपावर उभी राहिली. तू लिहिलेलं ते वाक्य मला पाठच होतं, मी तिच्या आधीच मनात म्हटलं. आणि ती म्हणाली, "माका सगळा येता." शब्द आपले, पण सूर नाही. पाहुणे येतात ना मुंबईचे, आणि गंमत म्हणून आपल्यासारखं बोलून दाखवतात, तसं म्हणाली. पोरं हसली. मी नाही हसले.

बाहेर आल्यावर बाया पोरीचं कौतुक करत म्हणाल्या, "शेवंते, तुझ्या चेडवान नाव काढल्यान हां." मी हो हो म्हटलं.

तीन वर्षांत पोर आपली भाषा विसरली. म्हणजे ती तिथे रुजली. मला वाईट वाटलं, पण ते माझं वाईट वाटणं आहे, त्यात तिचं नुकसान का करू? परत आणली तर इथली पोरं तिला हसतील, मडमीण म्हणून. सिनेमातल्यासारखंच, उलटं. मी वन्सना लिहिलं, कागद तयार करा. संक्रांत झाली की येऊन सही करते. तेवढे दिवस रत्नप्रभा सासूबायला बघीन म्हणते.

तू बरोबर लिहिलं होतंस, ती तिथलीच झाली. मीच समजत नव्हते.

शेवंती


घाटकोपर (पश्चिम)
२२ डिसेंबर १९८५

आक्का,

सही करू नकोस. हे पहिलं वाचून घे, मग बाकीचं.

तो आवाज माणकूचा नाही.

मी तुला लिहिलं होतं ना, कॅमेरा खडखडतो. त्यामुळे शूटिंगच्या वेळचा आवाज कामाचा नसतो. नंतर बंद खोलीत पडद्यावर तोच तुकडा फिरवून फिरवून दाखवतात आणि ओठ बघून पुन्हा बोलायचं असतं. अंधेरीला तसा स्टुडिओ आहे. भिंतींना गाद्या मारलेल्या. ऑगस्टमध्ये माणकूला नेली. पाइपावर ओरडणारी पोर, त्या खोलीत एकटी उभी केल्यावर तिचा आवाज बसला. ओठ हलून जायचे आणि ती मागून बोलायची. दोन दिवस असं झालं. पैसे घालणाऱ्यांचा एक माणूस आला होता, तो म्हणाला, शिवाय हे अर्ध्या महाराष्ट्राला कळणार नाही. नंदकिशोर भांडले, मी खोटं कशाला सांगू. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी पार्ल्याची एक मुलगी आणली. शुभा. बारा वर्षांची, बालनाट्यात काम करते. ओठ बघून अस्सं बोलते, एकदाही चुकत नाही. गुणी मुलगी आहे, तिचाही काही दोष नाही.

गोदी लहानपणी मुंबईला येते तर शुद्ध बोलली तरी चालेल, असं ठरलं. मग शाळेतली मुलं तिला हसतात कशाला, ते कुणी विचारलं नाही. फक्त शेवटचं वाक्य आपल्या भाषेत ठेवायचं. ते शुभाला कोण शिकवणार? नंदकिशोरांनी माझ्याकडे बघितलं.

मी शिकवलं, आक्का. कँटीनमध्ये बसून, दोन दिवस. 'माका' असं म्हण, 'येता' वर जरा लांबव. मला मास्तर म्हणाले सगळे. आठवी नापास माणसाला पहिल्यांदा कुणी मास्तर म्हणालं, मी फुगलो. बाहेर बाकावर माणकू क्रीमचं बिस्कीट धरून बसली होती. दार उघडं राहिलं होतं. पडद्यावर तिचं तोंड हलत होतं आणि शुभा बोलत होती.

मी बाहेर आलो तर ती म्हणाली, "मामा, तां चेडू माझ्या तोंडान बोलता."

म्हटलं, सिनेमात असंच असतं गं.

म्हणाली, "मगे मी काय करू? गप रवू?"

आक्का, मी हसलो. तिला गेटवर भेळ घेऊन दिली, तिनं ती खाल्ली नाही, कागदात बांधून घरी आत्येला नेली.

त्या दिवसापासून ती बोलत नाही. म्हणजे हो, नको, जेवते, झोपते, इतकंच. शाळेत बाई म्हणतात सुधारली. सुगंधाताईला वाटतं वळण लागलं. मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी भांडुपला जाणं बंद केलं. तिच्यासमोर बसवत नव्हतं. सप्टेंबरात तुला 'शांत झाली' म्हणून लिहिलं ते हे. तुला सिनेमाला जाऊ नको म्हटलं ते यासाठी. वाटलं, तू जाणार नाहीस आणि सगळं आपोआप मिटेल.

ती भाषा विसरलेली नाही. पण आता ती कुणाशी बोलते, तिला काय हवंय, मला माहीत नाही. तू ये आणि तूच बघ. मी स्टँडवर येईन.

लवू


झरेवाडी
२ फेब्रुवारी १९८६

लवू,

दिवस कळवला होता, तरी तू स्टँडवर आला नाहीस. तासभर थांबले. मग एका बाईला विचारत विचारत भांडुपला पोचले. घाटकोपरला तुझ्या ट्रकवाल्याकडे कुंडलिकभावोजी जाऊन आले, तो म्हणाला चार दिवसांपूर्वी गेला, कुठे ते सांगितलं नाही. हे पत्र त्याच्याच पत्त्यावर टाकते. मिळालं तर मिळालं.

वन्सनी सगळं तयार ठेवलं होतं. मुलुंडच्या वकिलाचा कागद, पेढे, पोरीला नवा फ्रॉक. मी त्यांना काही बोलले नाही. माझ्या मनात होतं, आधी ऐकीन. पण ऐकणार काय? दोन दिवस पोर "हो आई", "नको आई" म्हणत होती. 'आये' नाही. माझ्या मांडीला टेकून बसायची ती नुसती बसायची. मला वाटलं लवूनं उगाच धीर दिला, गेलेलीच आहे ही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत भाकऱ्या थापत होते. बाहेर नळावर गर्दी. त्यांच्या शेजारच्या सुंदराबाईंनी रांगेतली आमची कळशी मागे सरकवली. आणि एकदम ऐकलं,

"कळशी कित्याक सरकयलंस गे माझी? मी पयली इलंय! डोळे काय घराक ठेवन इलंस?"

सुंदराबाई काहीतरी म्हणाल्या. त्यावर आमची बया जी सुटली! सात पिढ्या काढल्या तिच्या. दशरथाची आई तरुणपणी भांडायची ना, तसा तोच सूर, तेच हात कमरेवर. मी पिठाच्या हातानं दारात आले. वन्स माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला विसरता येणार नाही. म्हणाल्या, "वहिनी, हे कोण बोललं?"

म्हटलं, आपली माणकू.

म्हणाल्या, "तीन वर्षं माझ्या घरात आहे. पहिल्या पहिल्यांदा बोलायची अशी, तर मीच म्हणायचे, हळू बोल, लोक हसतात. हल्ली बोलत नव्हती, मला बरं वाटायचं." मग तिथेच उंबऱ्यावर बसल्या.

कागदावर मी सही केली नाही. वन्सनी परत विचारलंही नाही. त्यांनीच पोरीचं सामान बांधलं. निळ्या फुलांचा फ्रॉक लहान झाला होता, तोही पिशवीत घातला. मी माणकूला एवढंच विचारलं, "येतंस माझ्यावांगडा?" ती चपला घालून दारात जाऊन उभी राहिली. वन्स स्टँडवर आल्या होत्या. गाडी हलेपर्यंत खिडकीची कांब धरून होत्या. माणकूनं आतून त्यांच्या बोटांवर हात ठेवला. तेवढंच.

पाचवीचं बघू. हायस्कूल लांब आहे, चालेल. इथे आल्यापासून तिचं तोंड बंद नाही. सासूबाय कंटाळली.

तुझ्याविषयी एकच लिहिते. त्या पार्ल्याच्या पोरीचा सूर चुकला असं मला वाटलं होतं. तिला तू शिकवलंस म्हणतोस. मग चूक तिची नाही. कुठेतरी एकटा बसून 'माका' म्हणून बघ आणि स्वतःच ऐक.

माणकू विचारते, मामा खय आसा? मी सांगते, आसा खयतरी. हे उत्तर मला किती दिवस पुरेल?

शेवंती


भांडुप
२३ फेब्रुवारी १९८६

आक्का,

पत्र मिळालं. मुलुंडच्या बाजूला एका बांधकामावर रंगकाम करत होतो, ट्रकवाल्याला वाटेत दिसलो, दुसऱ्या दिवशी तो देऊन गेला. स्टँडवर मी आलो होतो. समोरच्या पानवाल्याकडे उभा होतो. तू गाडीतून उतरलीस, पिशवी खाली ठेवून इकडे तिकडे बघितलंस. मला पुढे होता आलं नाही. का, ते विचारू नको.

तू सांगितलंस तसं म्हणून बघितलं. बांधकामाच्या पाचव्या मजल्यावर, भिंती कोऱ्या, कोणी नव्हतं. माका. माका. तुझं खरं आहे. इथे मी पेंटरशी हिंदी बोलतो, नंदकिशोरांशी पुस्तकातलं, ट्रकवाल्याशी शिव्यांचं. माझं असं शेवटचं कधी बोललो, ते आठवलं नाही. तुझं पत्र मात्र मी तुझ्या सुरात वाचू शकतो, तेवढं अजून येतं.

आज सुगंधाताईकडे आलोय. यायला नकोच वाटत होतं. वाटलं, दार लावून घेईल. तिनं दार उघडलं आणि आत जाऊन चहा टाकला. कुंडलिकराव दुपारपाळीला गेलेत. चाळीत पोरांचा गलका आहे, ह्या खोलीत मात्र घड्याळाचा आवाज येतो. मी सगळं कबूल केलं. स्टुडिओ, शुभा, भेळ, सगळं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "भेळ मीच खाल्ली रे. म्हटलं, किती मायाळू पोर."

मग म्हणाली, वहिनींना पत्र लिहायचंय, मला नीट लिहिता येत नाही, तुझं अक्षर चांगलं आहे. तर इथून पुढे ती सांगेल तसं लिहितो.

सौ. सुगंधाचा शेवंतीवहिनींना नमस्कार. आपण सुखरूप पोचलात ते कळलं. दत्तकाचा कागद फाडून टाकला. राग मानू नये. माणिकच्या शाळेच्या दाखल्याचं काम मी इथून करून पाठवते. तिचा स्वेटर राहिला आहे, तो लवूबरोबर, (माझं नाव खोडायला गेलो तर खोडू नको म्हणते, तसंच ठेव) लवूबरोबर पाठवते, तो येणार आहे. मे महिन्यात तिला आठ दिवस पाठवाल का? नाव दशरथाचंच राहू दे. नळावर भांडली तरी चालेल. सुंदराबाई पण विचारतात तिला. इथे आल्यावर तिनं तिच्यासारखंच बोलावं. मला सगळं कळत नाही, पण मी शिकेन. तिला सांगा, आत्येनं विचारलंय की

पुढे काय लिहू, म्हटलं. ती खिडकीतून नळाकडे बघत बसलीय. पाणी जाऊन तास झाला, तिथे कोणी नाही. मी पेन धरून थांबलोय.